रात्री दोन वाजता हाती लागेल असं

बाळासाठी आणलेली भेट पाहिली जाते दुपारी चार वाजता आणि वापरली जाते रात्री दोन वाजता. मला सांगायचं आहे ते एवढंच. पण ते पुरतं पटायचं तर त्या रात्री दोनपाशी जरा थांबावं लागेल.

दुपारी चारला घरात माणसं असतात. चहा झालेला असतो, बाळ नुकतंच पिऊन झोपलेलं असतं, आणलेल्या पिशव्या उघडल्या जातात. जाळीचा फ्रॉक, चांदीचे वाळे, मखमली पेटीतली वाटी आणि चमचा, बॅटरीवर नाचणारं अस्वल. सगळ्यांना सगळं आवडतं आणि त्या आवडण्यात खोटं काही नसतं. रात्री दोनला खोलीत एक मिणमिणता दिवा असतो. बाळ ओलं होऊन रडत असतं. आईचे टाके अजून दुखत असतात, त्यामुळे वाकणं नको वाटतं. बाळाने मान धरलेली नसते, म्हणून एक हात कायम मानेखाली. उरला एक हात. त्या एका हाताला, अर्धवट झोपेत, न शोधता जे सापडतं ते खरं कामाचं. बाळाला गादीवर ठेवलं की दोन्ही हात मिळतात, पण ते बांधण्यासाठी, शोधण्यासाठी नव्हे.

घरी बनवलेली, खिशाला परवडणारी, लंगोटांची किंवा डायपरांची भेट या कसोटीला सगळ्यात आधी उतरते, असं मी मानते. पण ती आपोआप उतरत नाही. बनवताना प्रत्येक पायरीला ती रात्र डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

पहिला प्रश्न, किती लागतात? तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. पहिल्या दोन-तीन दिवसांत काळपट-हिरवी, डांबरासारखी चिकट शी होते, मग ती पिवळी आणि पातळ होते, आणि अंगावर पिणारी पुष्कळ बाळं जवळजवळ प्रत्येक पिण्यानंतर शी करतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा तरी भरपूर शू व्हायला हवी. दूध पुरतंय की नाही हे डॉक्टर त्यावरूनच विचारतात. म्हणजे ओला लंगोट ही नुसती कटकट नाही, ती बातमी आहे. कापडाच्या लंगोटात थोडीशी शू झाली तरी तो बदलावा लागतो, त्यामुळे दिवसाला पंधरा-वीस लंगोट सहज जातात. पावसाळ्यात कोकणात एकदा धुतलेला सुती कपडा दुसऱ्या दिवशीही दमटच लागतो. दिवसाचे वीस आणि वाळायला दोन दिवस, म्हणजे चाळीस दोरीवर आणि वीस हाताशी. पूर्वी शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरायचे. खाली निखाऱ्यावर ओवा आणि शेपांची धुरी, वर वाळणारी कापडं. ज्या घरात धुणं वाळवण्यासाठी निखारे लागायचे, त्या घरात कुणी दोन डझन घडी घातलेले लंगोट आणून ठेवले तर त्याचं मोल काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या बाळंतविड्यात हे मोल कधीपासून ओळखलेलं आहे. मूल झाल्यावर माहेरच्या, नात्यातल्या, शेजारपाजारच्या बायका बाळंतविडा घेऊन जायच्या. अजूनही जातात. त्यात बाळाला झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, आईला साडी, आणि खायला डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, खोबरं, सुंठ, बाळंतशेपा. नीट पाहिलं तर यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू म्हणजे आधीच कुणीतरी करून ठेवलेलं एक काम आहे. डिंक तुपात फुलवायचा, खारीक कुटायची, खोबरं किसून भाजायचं, मग गूळ घालून गरमगरम मिश्रणाचे लाडू वळायचे, यात एका बाईची एक पूर्ण दुपार जाते. ती दुपार डब्यात भरून दिली जाते. अंगावर पाजणाऱ्या बाईला मध्यरात्री कडकडून भूक लागते, तेव्हा तो लाडू एका हाताने खाता येतो. कुंची तर अशी की नुसती डोक्यावरून टाकली की कान आणि पाठ दोन्ही झाकलं गेलं. झबल्याला समोर नाड्या, कारण डोक्यातून कपडा घालायचा तर न धरलेली मान सांभाळावी लागते. ज्या कुणी बायकांनी या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या, त्यांनी रात्रीची जाग काढलेली होती हे त्यांच्या शिवणीतून दिसतं.

अनेक घरांत पाचवी होईपर्यंत, काही घरांत बारशापर्यंत, बाळाला नवं कापड लावत नाहीत. यामागे दृष्ट लागण्याची भीती आहे, सटवाईची श्रद्धा आहे, त्यात मी शिरत नाही. पण कापडाच्या बाजूने पाहिलं तर ही रीत अचूक आहे, आणि घरगुती भेट स्वस्त का होऊ शकते याचं उत्तरही तिच्यातच आहे.

नवा मांजरपाट घ्या आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब वाटोळा बसून राहतो, कापड तिरपं केलं तर घरंगळतो. कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा पातळ थर असतो. शिवाय मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ दिलेली असते. आता वर्षानुवर्षं धुतलेलं जुनं धोतर घ्या. थेंब टेकतो न टेकतो तोच पसरतो, बोटभर रुंद ओला डाग होतो, आणि कापड उलटं केलं तर पलीकडेही दिसतो. प्रत्येक धुण्याने थोडं मेण, थोडी खळ, थोडे सुटे तंतू निघून गेलेले असतात, आणि सूत सैल पडून मऊ झालेलं असतं. बाळाच्या त्वचेला हवं असतं ते हेच: लगेच शोषणारं आणि न खरवडणारं. नवं कापड या योग्यतेला आणायचं तर पुष्कळदा उकळून धुवावं लागतं. जुनं धोतर त्या परीक्षेतून आधीच पार पडलेलं असतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

थेंबाची ही परीक्षा प्रत्येक कापडाला लावावी, कारण आज कपाटात सुती म्हणून ठेवलेल्या साड्यांपैकी कितीतरी मिश्र धाग्याच्या असतात. शंका असेल तर काठाचा एक धागा काढून काडीने पेटवावा. सूत कागदासारखं जळतं आणि राख चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. गुठळी झाली तर ती साडी कितीही मऊ लागली तरी लंगोटाला घेऊ नये. ती ओल शोषत नाही, नुसती अंगाशी धरून ठेवते.

धोतर कात्रीने कापू नये, फाडावं. काठाशी कात्रीने बोटभर चीर द्यायची, दोन्ही बाजू दोन मुठींत धरायच्या आणि एका दमात ओढायचं. टर्र असा लांब आवाज होतो आणि कापड सुताच्या रेषेतच फाटत जातं, त्यामुळे कोपरे काटकोनात येतात आणि धुतल्यावर लंगोट वाकडे होत नाहीत. पाचवारी साडी हल्ली साडेपाच मीटरची असते आणि पन्हा पंचेचाळीस इंचांचा. पंचावन्न सेंटिमीटरचे चौकोन काढले तर पन्ह्यात दोन आणि लांबीत दहा बसतात, म्हणजे वीस. पायाशी घासून जिथे ती विरलेली असते तो भाग सोडला तरी पंधरा-सोळा निघतात. जरीचा काठ आधी उसवून काढायचा, तो टोचतो. चौकोन कोपऱ्यावर कोपरा आणून दुमडला की दुहेरी त्रिकोण होतो, तोच लंगोट. मुद्दाम त्रिकोण कापून शिवण्याची मला गरज वाटत नाही. तिरकी कड धुण्याने ताणत जाते, आणि शिवलेला दुहेरी त्रिकोण वाळायला वेळ घेतो. सुटा चौकोन मात्र दोरीवर एकपदरी पसरतो आणि निम्म्या वेळात वाळतो.

कडेला बारीक दुमड घालून हाताने धावदोरा घालावा. यंत्राची जाड शिवण ओली झाली की मांडीला काचते. आणि एक गोष्ट जिच्याकडे घाईत दुर्लक्ष होतं: सुटे धागे. लोंबणारा एक धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय हे कुणाला कळत नाही. म्हणून शिवून झाल्यावर प्रत्येक लंगोट उजेडात धरून चारही कडा पाहाव्यात आणि धागे कातरावेत. नाड्या लावायच्याच असतील तर त्याच कापडाच्या, वीतभर, सपाट. रेशमी फीत गाठ धरत नाही, अंधारात सुटते.

मग धुवायचं. गरम पाण्यात, साध्या साबणाने, दोनदा खळबळून, आणि शक्य असेल तर कडक उन्हात. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण घालू नये. ते सुतावर थर धरतं आणि शोषण्याची ताकद कमी करतं. इतकी मेहनत करून मिळवलेला गुण त्या एका झाकणभर द्रावणाने जातो.

आता डायपरकडे वळू, कारण आजच्या बहुतेक शहरी घरांत दिवसा लंगोट आणि रात्री डायपर अशी वाटणी झालेली आहे, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. या वस्तूच्या घडणीत अशाच वैतागाचा वाटा आहे. १९४६ साली अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या आईने पुन्हापुन्हा ओली चादर बदलण्याला कंटाळून न्हाणीघरातला पडदा कापला आणि लंगोटावरून घालायचं ओल न झिरपणारं आवरण शिवलं. पुढे तिने त्यासाठी पॅराशूटचं नायलॉन वापरलं आणि टोचणाऱ्या पिनांऐवजी चाप बटणं लावली. कारखानदारांनी रस दाखवला नाही, तेव्हा १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यूमध्ये विक्रीला ठेवलं गेलं, आणि १९५१ मध्ये तिला पेटंट मिळालं. पॅम्पर्स आलं ते १९६१ मध्ये. पुढच्या दोन-अडीच दशकांत आतल्या कागदी लगद्यात सोडियम पॉलिॲक्रिलेटची पूड मिसळू लागली. ही पूड आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढून घेते आणि त्याचा गच्च लगदा करते, म्हणून दाबलं तरी ओल परत वर येत नाही. घराघरांतली झोप वाढवण्यात या पुडीचा वाटा मोठा आहे.

डायपरांची भेट सजवून देण्याची पद्धतही अमेरिकेचीच. तिथे बाळ जन्मायच्या आधी बेबी शॉवर करतात आणि त्यात डायपर केक नावाची वस्तू बऱ्याचदा असते. एकेक डायपर सुरळी करून गुंडाळायचा, सुरळ्या उभ्या ठेवून गोलात रचायच्या, असे मोठ्यावर लहान तीन मजले, वर फीत. लांबून केक दिसतो. पाहिल्यावर ही हौस वाटते, पण मागे कारण आहे. अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नासाठी मिळणारी जी सरकारी मदत आहे, स्नॅप आणि विक या नावांची, तिच्यातून डायपर घेता येत नाहीत. ज्यांना तो खर्च जड जातो त्यांच्यासाठी तिथे डायपर बँका चालतात, आणि त्यांचं देशव्यापी जाळं २०११ मध्ये उभं राहिलं. अशा ठिकाणी मैत्रिणीला साठ-सत्तर डायपर देणं म्हणजे तिच्या पहिल्या आठवड्याची काळजी उचलणं. पण नुसती पाकिटं हातात ठेवली तर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही संकोच वाटतो. त्यांचा केक केला की मदतीला मान येतो. बाळंतविड्याला खण-नारळाची जोड देऊन आपण हेच करत आलो. गरजेची वस्तू सणासारखी नेली की ती कुणाला खुपत नाही. दुपारच्या चारचं काम ते हेच, आणि ते मी कमी लेखत नाही.

अडचण येते ती केक रात्री दोनला मोडायचा असतो तेव्हा. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक सुरळीला रबरबँड असतं, मजले टाचणीने किंवा चिकटपट्टीने जोडलेले असतात, मध्ये आधाराला दुधाची बाटली आणि फटींत पावडरचे डबे, खेळणी. अंधारात एक डायपर ओढला की तीन खाली पडतात, आणि साठ रबरबँड घरभर होतात, तेही अशा घरात जिथे काही महिन्यांनी एक जीव रांगत हाताला येईल ते तोंडात घालणार आहे. म्हणून मी तो आपल्या रीतीने करायला सांगते. मध्ये बाटलीऐवजी घट्ट गुंडाळलेलं सुती दुपटं ठेवावं. दुधाच्या बाटलीची जाहिरात करायलाही आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. बाळंतिणीच्या भेटीच्या केंद्रस्थानी ती कशाला? पावडरही नको, ती श्वासात जाते म्हणून बालरोगतज्ज्ञ टाळायला सांगतात. डायपरांना रबरबँड लावू नयेत. ते सुरळी न करता एकावर एक तिरके टेकवत दुपट्याभोवती फिरवत न्यावेत, म्हणजे भोवऱ्यासारखी नक्षी होते, आणि बाहेरून एकच रुंद पट्टी बांधावी, धोतराचीच, पुढे साधी गाठ. सगळं एका कड असलेल्या बांबूच्या टोपलीत किंवा परातीत बसवावं. पट्टी सोडली की डायपर आपोआप उभे रांगेत राहतात आणि एका हाताने एकेक निघतो. वरच्या मजल्याला डायपरांऐवजी लंगोटांच्या घड्या. दिसायला हे दुपारी चारच्या मानाने थोडं साधं होतं खरं. पट्टीत मोगऱ्याचा गजरा खोवला की ते दिसतंही सुंदर. घरी पोचल्यावर गजरा आईला द्यावा, बाळापाशी ठेवू नये.

हात स्वच्छ धुऊन मगच पाकीट उघडावं, आणि पाकिटावरचा माप, वजन आणि तारीख छापलेला तुकडा कापून टोपलीत ठेवावा. मापाबद्दल मात्र ठामपणे सांगते: सगळे डायपर नवजात, म्हणजे एनबी मापाचे घेऊ नयेत. ते मोहक असतात, तळहाताएवढे, पण ते साधारण पाच किलोपर्यंतच बसतात. तीन किलोचं बाळ पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट होतं. घरी आधीच कुणी न कुणी एनबीचं पाकीट आणलेलं असतं. चार ते आठ किलोचं एस माप बाळाला जास्त दिवस चालतं. भेटीत दोन तृतीयांश डायपर त्याच मापाचे असावेत. ज्यांच्या मधोमध पिवळी रेघ असते आणि ओल लागली की ती निळी होते, तसे घ्यावेत. ती रेघ मिणमिणत्या दिव्यातही दिसते, बाळाला उघडं करून पाहावं लागत नाही, आणि वर म्हटलेली सहा वेळांची बातमीही डायपरमुळे बुडत नाही.

खर्चाचं बोलायचं तर भारतात साधा डायपर आठ-दहा रुपयांपासून मिळतो. चाळीस डायपर म्हणजे तीन-चारशे रुपये, टोपली शंभर-दीडशेची, बाकी कापड घरचं. एवढ्या पैशांत जाळीचा एक बरा फ्रॉक येत नाही. आणि हेही एकटीने करायला हवं असं नाही. ऑफिसातल्या किंवा भिशीतल्या पाच-सहा जणींनी एकेक पाकीट आणि घरचं एकेक जुनं धोतर आणलं तर एका रविवारी दोन टोपल्या होतात. जुनं कापड द्यायला बायका कचरतात. म्हणतात, आमचं वापरलेलं कसं द्यायचं लोकांच्या बाळाला? मी म्हणते, थेंब टाकून दाखवा. एकदा पाहिलं की घेणारीचा संकोच उरत नाही, आणि देणारीचा तर नाहीच.

एक प्रश्न वेळेचा. डोहाळजेवण सातव्या महिन्यात होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, सगळं आईचं कौतुक. त्यात बाळाच्या वस्तू देणं अनेक घरांत आवडत नाही; बाळ सुखरूप हातात येईपर्यंत त्याच्या नावाने घरात काही आणायचं नाही, असा तिथे दंडक असतो. त्याला अंधश्रद्धा म्हणून वाद घालत बसू नये. ज्या घराने एखादं दुःख पाहिलं असेल त्या घराला हा दंडकच आधार असतो. तिथे डोहाळजेवणाला आईसाठी काही न्यावं, आणि टोपली आपल्याच घरी तयार ठेवावी. लंगोट धुऊन वाळवून स्वच्छ पिशवीत बांधून ठेवले तर महिना-दोन महिने काही होत नाही. बाळ जन्मल्याचा फोन आला की नेऊन द्यायची. अमेरिकेत एडिसन किंवा फ्रीमॉंटला राहणाऱ्या मराठी मुलींकडे आता डोहाळजेवण आणि बेबी शॉवर एकाच दुपारी होतं, तिथे डायपर आधीच येतात. त्यांच्या आया मात्र सहा महिन्यांसाठी विमानाने जाताना सामानात डिंकाचे लाडू आणि जुन्या धोतरांची दुपटी नेतात. डायपर तिथे कोपऱ्यावर मिळतो. तसं मुरलेलं सूत मिळत नाही.

टोपलीत आणखी दोन-तीन गोष्टी घालाव्यात असं मला वाटतं, आणि त्या सगळ्या रात्री दोनच्याच आहेत. एक, दुपटं. ते बाळाला गुंडाळायला असेल तर मोठं, मीटरभर तरी, आणि सोबत सांगावं की छातीपाशी लपेटा पण पाय सैल राहू द्या. पाय सरळ ताणून आवळले तर खुब्याच्या सांध्याला धोका असतो. दोन, घडी घातलेला एक लंगोट वेगळा, बेंबीखाली कसा दुमडायचा ते दाखवण्यासाठी तसाच दुमडून ठेवलेला. नाळ गळून पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोवर ती जागा कोरडी राहायला हवी. हा नमुना आईपेक्षा बापाला जास्त उपयोगी पडतो. रात्री दोनला त्यानेही उठावं असं वाटत असेल तर उठल्यावर काय करायचं ते त्याला आधी हाताने करून पाहता आलं पाहिजे. पुष्कळ पुरुष मागे राहतात ते आळसामुळे नाही, आपल्या हातून बाळाला दुखेल या भीतीने. आपण बसलेल्या असतानाच त्याला दोनदा बांधायला लावावं.

तीन, रद्दीची एक चवड आणि झाकणाची लहान बादली. वापरलेला डायपर कुठे टाकायचा हा प्रश्न भेट देणाऱ्यांच्या मनातही येत नाही, आणि बाळंतिणीला तो रोज रात्री पडतो. डायपर कागदात किंवा कंपनीने दिलेल्या पिशवीत नीट गुंडाळूनच कचऱ्यात द्यायचा असतो, म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईचा हात त्याला उघडा लागत नाही. शी आधी संडासात टाकायची, मग डायपरची आत गुंडाळी करून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करायचा, मग कागद. वर्तमानपत्राची अर्धी पानं आधीच फाडून ठेवली तर ते एका हाताने होतं.

टोपली नेल्यावर बराच वेळ बसू नये. चहाला नाही म्हणावं, किंवा स्वयंपाकघरात जाऊन आपणच करावा आणि भांडी विसळून ठेवावीत. दोरीवर काही वाळलं असेल तर काढून घडी घालावी आणि आपल्या लंगोटांशेजारी, पलंगाच्या ज्या बाजूला आई झोपते त्या बाजूला, हात पोचेल इतक्या उंचीवर ठेवावं. जागा तिलाच विचारून ठरवावी.

आणि पुन्हा एकदा जाण्याचं मनात धरून ठेवावं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येणाऱ्यांची वर्दळ थांबलेली असते, माहेरची माणसं परतलेली असतात, कामावर रुजू होण्याची तारीख जवळ येत असते. तोवर पहिले लंगोट विरत आलेले असतात आणि पंचावन्नचा चौकोन मांडीला अपुरा पडायला लागतो. बाळाचं वजन विचारून त्या मापाचं एक पाकीट घ्यावं, उरलेल्या धोतराचे सत्तर सेंटिमीटरचे चौकोन फाडून धुऊन ठेवावेत, आणि बाळाची झोपेची वेळ फोनवर विचारून मगच निघावं.